वस्तूंचे गुणधर्म : निरीक्षण व वर्णन

एखादी वस्तू कशाची आहे हे ठरविण्यासाठी तिची लक्षणे क्रमाने पाहून, ती दुसऱ्यालाही पडताळता येतील अशा शब्दांत वा अंकांत नोंदविण्याची पद्धत. वजन वस्तूच्या लहानमोठेपणाबरोबर बदलते, घनता (एकक घनफळातील वस्तुमान) बदलत नाही. त्यामुळे ओळख पटविण्यास घनतेसारखे गुणधर्मच उपयोगी पडतात. ही पद्धत खनिजविज्ञानात विशेष काटेकोर झाली असल्याने येथील विवेचन मुख्यतः खनिजांविषयी आहे.

रंग चटकन दिसतो, पण तो फारसा भरवशाचा नसतो. माणिक व नील ही दोन्ही कुरुविंद या एकाच खनिजाची रूपे आहेत. त्यापेक्षा कस, म्हणजे झिलई नसलेल्या चिनी मातीच्या फरशीवर घासल्यास उमटणाऱ्या भुकटीचा रंग, अधिक स्थिर असून काळसर हेमॅटाइटाचा कस तांबूस तपकिरी, तर सोनेरी पायराइटाचा हिरवट काळा येतो.

कठिनता म्हणजे ओरखड्याला होणारा विरोध. जर्मन खनिजवैज्ञानिक फ्रीड्रिख मोस (१७७३–१८३९) यांनी तिच्यासाठी संगजिरे, जिप्सम, कॅल्साइट, फ्ल्युओराइट, ॲपेटाइट, ऑर्थोक्लेज, क्वॉर्ट्झ, पुष्कराज, कुरुविंद व हिरा अशी दहा खनिजांची चढती श्रेणी ठरविली. तिचे वर्ष काही ग्रंथांत १८१२, तर काहींत १८२२ असे आढळते. बोटाच्या नखाची कठिनता सुमारे २.५ आणि खिडकीच्या काचेची सुमारे ५.५ असल्याने प्रयोगशाळेवाचूनही अंदाज बांधता येतो, आणि या श्रेणीचे खरे महत्त्व यातच आहे. तिचे अंक केवळ क्रम दाखवितात, प्रमाण नव्हे : कुरुविंद व हिरा यांत एकाच अंकाचे अंतर असले, तरी दाबून केलेल्या मापनात हिरा कित्येक पटींनी कठीण ठरतो. दख्खनच्या बेसाल्टातील पोकळ्यांत कॅल्साइट (३) व क्वॉर्ट्झ (७) यांचे पांढरे स्फटिक शेजारीशेजारी सापडतात. चाकूचा ओरखडा कॅल्साइटावर उमटतो, क्वॉर्ट्झावर उमटत नाही. एकाच स्फटिकाची कठिनता दिशेनुसारही बदलू शकते. भंडारा जिल्ह्यात सापडणारे कायनाइट हे त्याचे ठळक उदाहरण असून त्याची कठिनता लांबीच्या दिशेने सुमारे ४.५ ते ५, तर आडव्या दिशेने ६.५ ते ७ भरते. म्हणून वर्णनात चाचणीची दिशाही नोंदवावी लागते.

वास व चव यांचा उपयोग सैंधवासारख्या थोड्याच खनिजांपुरता होतो.