विद्यार्थ्याची शिदोरी

पुण्याहून अहमदनगराकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगराकडे, जाणाऱ्या हमरस्त्यावर भीमेच्या पुलापाशीं कोरेगांव लागतें. तेथून थोडें आडवाटेला गेलें म्हणजे वढू बुद्रुक हें गांव येतें. छत्रपति संभाजी महाराजांची समाधि या गांवीं आहे. १६८९ च्या मार्च महिन्यांत तुळापुरास त्यांचा जो करुण अंत झाला, त्याची कथा महाराष्ट्रांत कोणाला सांगावी लागत नाहीं. हाच राजपुत्र संस्कृताचा व्यासंगी होता व 'बुधभूषण' नांवाचा ग्रंथ त्यानें सिद्ध केला, ही गोष्ट त्या मानानें कमी लोकांच्या ध्यानांत असते. नवव्या वर्षीं वडिलांबरोबर आग्र्यास जाणें आणि परततांना कांहीं काळ मथुरेस परक्या घरीं मागें राहणें, असा प्रवास या मुलाच्या वांट्यास आला होता. त्याच्या समाधीच्या गांवीं एक साधा प्रश्न सहज सुचतो. घर सोडून दूर जाणाऱ्या मुलाबरोबर घरानें काय बांधून द्यावें?

या प्रश्नाचें उत्तर बखरींत नाहीं. स्वारीबरोबर किती घोडा होता, तें बखरकार लिहितो. शिकावयास निघालेल्या मुलाच्या पडशींत काय होतें, तें लिहीत नाहीं. तथापि विद्येसाठीं बाहेर पडलेल्या मुलाची वळकटी उलगडून पाहिली, तर त्या काळचें सगळें घर तिच्यांत दिसतें. घराला काय परवडत होतें, कशाची भीति वाटत होती आणि मुलाच्या शिक्षणापायीं कोण कशावर पाणी सोडावयास तयार होतें, हें सारें त्या गांठोड्यांत बांधलेलें असतें.

जुन्या काळीं हें गांठोडें हलकें असे. वेदविद्येसाठीं वा शास्त्रासाठीं मुलगा काशीस, पैठणास किंवा पुण्यास निघाला म्हणजे एक धोतर अंगावर, एक पडशींत, पाण्याचा तांब्या, एखादी पोथी आणि वाटेपुरत्या दशम्या, एवढाच त्याचा संभार. पुढच्या अन्नाची काळजी घर करीत नसे, ती गांव करी. विद्यार्थी माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं, असा आठवडा निभावून जाई. ही व्यवस्था थोर होती, यांत शंका नाहीं. परंतु तिचा उंबरठा फार उंच होता. ब्राह्मणाच्या मुलासाठीं सात घरांच्या चुली पेटत. कुणब्याच्या, महाराच्या वा चांभाराच्या मुलाला ती वाट बंद होती. मुलगी कोणत्याहि जातीची असो, तिच्यासाठीं पडशी शिवण्याचा विचारहि कोणाच्या मनांत येत नसे. तिची पेटी बांधली जाई ती सासरीं जाण्यासाठीं.

इंग्रजी अंमलांत चित्र पालटूं लागलें. १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत सरकारनें संस्कृत पाठशाळा उघडली. तिच्याच परंपरेंतून पुढें पूना कॉलेज निघालें व १८६४ सालीं त्याचें डेक्कन कॉलेज झालें. १८६८ सालीं तें येरवड्यास गेलें. म्हणजे वढूकडून नगर रस्त्यानें पुण्यास येणाऱ्याला नदी ओलांडण्याआधींच तें कॉलेज लागूं लागलें. तत्पूर्वीं, १८५७ सालीं, मुंबईस विद्यापीठ स्थापन झालें होतें. आतां विद्येला ठराविक परीक्षा आल्या, दाखले आले आणि मुख्य म्हणजे फी आली. वार लावून पोट भरतां येई. परंतु वार लावून फी भरतां येत नसे. मुलाच्या शिदोरींत रोख पैसा घालणें घराला प्रथमच भाग पडलें.

तरीहि कांहीं मुलें पायांच्या बळावरच निघत. धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. १८७५ सालीं कोकणांतल्या मुरुड गांवाहून ते आपल्या सोबत्यांसह परीक्षेसाठीं साताऱ्यास निघाले. सुमारें ११० मैलांची वाट, पावसाळ्याचे दिवस, सह्याद्रीचा घाट. चार दिवसांत ही वाट पायीं तुडवून ते पोंचले, आणि परीक्षकांच्या प्रमुखांनीं त्यांना बसूं दिलें नाहीं. कारण एवढेंच, कीं मुलगा सतरा वर्षांचा दिसत नव्हता! घरानें पाठीवर बांधून दिलेली भाकरी त्या क्षणीं उपयोगी पडली नाहीं. उपयोगी पडला तो परत फिरून पुन्हा प्रयत्न करण्याचा स्वभाव. पुढच्याच वर्षीं त्यांनीं कोल्हापुरास ती परीक्षा दिली. हा स्वभाव कोणत्याहि पेटींत वरून ठेवतां येत नाहीं. तो घरींच, आधींच्या वर्षांत, थोडाथोडा मुरवावा लागतो.

गोपाळ कृष्ण गोखले यांच्या विद्यार्थिदशेची कथा रोख पैशाची आहे. १८७९ सालीं वडील वारले. थोरले बंधु गोविंदराव यांना शिक्षण सोडून कागल संस्थानांत नोकरी धरावी लागली. पगार महिना १५ रुपये. त्यांतले ८ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवीत आणि उरलेल्या ७ रुपयांत घर चालवीत. या हिशेबाकडे जरा थांबून पाहिलें पाहिजे. घरांतल्या सगळ्या माणसांना मिळून जेवढें, त्याहून अधिक एका विद्यार्थ्याला! आणि तो विद्यार्थीहि हें जाणून होता. एका मित्रानें त्याला नाटकाला नेलें, तेव्हां तो पाहुणचार आहे असें गोपाळाला वाटलें. पुढें मित्रानें तिकिटाचे पैसे मागितले. ते त्यानें मुकाट्यानें दिले, आणि तूट भरून काढण्यासाठीं दिव्याचें तेल वांचवून रस्त्यावरच्या कंदिलाखालीं अभ्यास केला, अशी आठवण चरित्रकार देतात. कॉलेजची वेळ आली तेव्हां वहिनींनीं आपले दागिने विकण्याची तयारी दाखविली, असेंहि ते सांगतात.

दागिन्यांचा हा उल्लेख सहज वाचून पुढें जाण्यासारखा नाहीं. महाराष्ट्रांतल्या उच्च शिक्षणाच्या इतिहासांत तो पुनः पुनः येतो. मुलगा शिकावयास जाई. त्याची पेटी भरे ती मात्र बहुधा एखाद्या बाईच्या हातांतल्या बांगड्यांतून.

या नियमाला एक तेजस्वी अपवाद झाला. आनंदीबाई जोशी यांनीं आपले दागिने विकले ते स्वतःच्या प्रवासासाठीं. हितचिंतकांनीं निधि जमविला, आणि १८८३ सालच्या ७ एप्रिलला वयाच्या अठराव्या वर्षीं त्या कलकत्त्याहून बोटीनें एकट्या, पतीला मागें ठेवून, अमेरिकेस निघाल्या. त्यांच्या तयारींत सर्वांत मोलाची वस्तु पेटींत मावणारी नव्हती. न्यू जर्सींतल्या कार्पेंटरबाईंशीं त्यांचा तीन वर्षें पत्रव्यवहार चालला होता, आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. त्यामुळें ४ जूनला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरतांना त्या परक्या शहरांत उतरत नव्हत्या; मावशीच्या घरीं चालल्या होत्या. जाण्यापूर्वीं श्रीरामपूरच्या सभेंत त्यांनीं, आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच परत येऊं, असें जाहीरपणें सांगितलें होतें. समाजाची भीति शमविण्यासाठीं हेंहि ओझें त्या मुलीनेंच उचललें.

परंतु घरच्या रीतीचें गांठोडें परक्या हवेंत जसेंच्या तसें उपयोगी पडत नाहीं, हेंहि त्यांच्याच कथेवरून कळतें. मांसाहार वर्ज्य असल्यानें बोटीवर जेवणाचे हाल झाले. नऊवारी लुगड्यानें फिलाडेल्फियाच्या थंडींत पोटऱ्या उघड्या पडत, म्हणून त्यांनीं गुजराती पद्धतीनें साडी नेसावयास प्रारंभ केला, आणि हा लहानसा बदल पत्रांतून पतीला समजावून सांगतांना त्यांना किती शब्द खर्च करावे लागले! १८८६ सालच्या ११ मार्चला त्या एम. डी. झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा क्षयानें अंत झाला; बाविसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. मुलाला दूर पाठवितांना रीत जपावी कीं प्रकृति जपावी, हा प्रश्न त्या घटनेनें कायमचा विचारून ठेवला आहे.

याच भीमेच्या कांठीं, कोरेगांवच्या विजयस्तंभापाशीं, १९२७ च्या १ जानेवारीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. त्यांच्या विद्यार्थिजीवनांतहि दागिन्यांची कथा आहे, आणि ती त्यांनीं स्वतः सांगितलेली आहे. वडील रामजी सुभेदार मुलाला हवें तें पुस्तक आणून देत. खिशांत पैसा नसला म्हणजे ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणीत, तो गहाण टाकून पुस्तक घेत, आणि पेन्शन हातीं आलें कीं तो सोडवून परत करीत. १९१३ च्या फेब्रुवारींत रामजी वारले. त्याच वर्षीं बडोद्याच्या सयाजीरावमहाराजांनीं दिलेल्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. मागें रमाबाईंनीं ओढगस्तीचा संसार सांभाळला. तिकडे पोटाला चिमटा घेऊन त्यांनीं जुन्या बाजारांतून सुमारें दोन हजार पुस्तकें जमविलीं. १९१७ सालीं परततांना सामान निराळ्या बोटीनें पाठविलें होतें; महायुद्धांत ती बोट बुडाली आणि पुस्तकें समुद्रांत गेलीं. नुकसानभरपाईचे सहाशे रुपये मिळाले, आणि त्यांतूनच नोकरीसाठीं बडोद्यास जाण्याची सोय झाली. पेटी बुडाली, डोक्यांत गेलेलें मात्र बुडालें नाहीं. रामजींनीं बांधून दिलेली शिदोरी पुस्तकांची नव्हती, वाचण्याच्या भुकेची होती.

एका घरानें एका मुलासाठीं एवढें करावें, हें धन्यच. परंतु ज्या घरांत गहाण टाकावयास दागिनाच नव्हता, त्या घराच्या मुलानें काय करावें? याचें उत्तर वसतिगृहांनीं दिलें. कोल्हापुरास १९०१ सालीं शाहूमहाराजांच्या पुढाकारानें मराठा विद्यार्थ्यांचें वसतिगृह निघालें आणि पाठोपाठ इतर अनेक जातींसाठींहि निघालीं. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारें छात्रालय काढलें. तेथें खेड्यांतून आलेलीं मुलें स्वतः भाकरी भाजीत, शेतांत राबत, पाणी भरीत, आणि एका पंक्तीला बसून जेवीत. जुन्या काळची सात घरांची चूल येथें सर्वांना खुली झाली. मात्र येथेंहि धान्य संपलें तेव्हां तें आलें कोठून? लक्ष्मीबाई पाटील यांनीं आपले दागिने या मुलांच्या अन्नासाठीं विकले, आणि शेवटीं मंगळसूत्रहि विकलें.

स्वातंत्र्यानंतर वढूसारख्या गांवांना ही वाट जवळची झाली. १ जून १९४८ रोजीं राज्य परिवहनाची पहिली मोटार धांवली, ती पुणें व अहमदनगर यांमधील याच रस्त्यावर. पुढें साडेआठ महिने होतात न होतात, तोंच १० फेब्रुवारी १९४९ रोजीं पुणें विद्यापीठ स्थापन झालें आणि गणेशखिंडींतल्या गव्हर्नरांच्या जुन्या निवासस्थानीं नांदूं लागलें. ११० मैल पायीं चालण्याचे दिवस सरले. मुलगा पुण्यास खोली करून राही आणि बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी व आमटी यांचा डबा मोटारीच्या कंडक्टराच्या हवालीं होई. संध्याकाळीं रिकामा डबा त्याच वाटेनें परत येई. आज वढूहून पुण्याचें अंतर तासा-दीड तासाचें आहे, आणि दूरध्वनि तर मुलाच्या खिशांतच असतो. १९४९ च्या त्या विद्यापीठाला २०१४ सालीं सावित्रीबाई फुले यांचें नांव देण्यांत आलें. लग्न झाल्यावर पतीकडून अक्षरओळख झालेल्या, आणि १८४८ सालीं मुलींना शिकविण्यास उभ्या राहिलेल्या या बाईला विद्यापीठास पाठविण्यासाठीं कोणी पेटी बांधली नव्हती. आज त्या नांवाच्या दारांतून खेड्यापाड्यांतल्या मुली आपापल्या पेट्या घेऊन आंत जातात.

तेव्हां मूळ प्रश्नाकडे वळतांना या सगळ्या इतिहासाचा धडा काय? पेटींत अंथरूण, कपडे, औषधें, दाखल्यांच्या नकला हें सारें असावें. त्याविषयीं वाद नाहीं. परंतु ती पेटी आईनें रात्रीं जागून एकटीनें भरूं नये. मुलानें स्वतः भरावी, आईनें शेजारीं बसावें. वर्षभर आधींच त्याच्या हातीं महिन्याचा खर्च देऊन हिशेब लिहावयास लावावा. भात-आमटी, कपडे धुणें, अंथरूण आवरणें हीं कामें मुलगा-मुलगी असा भेद न करतां शिकवावीं. आणि तो जेथें जाणार तेथें एखादें मावशीचें घर आधीं जोडून ठेवावें.

याशिवाय आणखी एक गोष्ट त्याला दिली पाहिजे. गोविंदरावांच्या १५ रुपयांतून ८ रुपये धाकट्या भावाला जात होते, हें गोपाळाला ठाऊक होतें. आपलें पुस्तक बहिणीच्या दागिन्यांतून आलें, हें भीमराव विसरले नाहींत. जाणाऱ्या मुलाला घरचा हा हिशेब सांगावा. उपकार म्हणून नव्हे, ओझें म्हणूनहि नव्हे, तर माहिती म्हणून. कोणी काय सोडलें तेव्हां आपण निघालों, हें ज्याला ठाऊक आहे, तो आपल्या शिक्षणाची किंमत सहसा कमी करीत नाहीं. ही शिदोरी वाटेंत संपत नाहीं, आणि बोट बुडाली तरी बुडत नाहीं.