माहेरचा बंपर

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या गोंदियाच्या घरी नागपूरहून एक गृहस्थ मोटार पाहायला आले. मोटार म्हणजे वडिलांची पांढरी प्रीमियर पद्मिनी. वडील गेल्यापासून ती छपरीत उभी आहे. धाकट्या भावाच्या मते अडगळ, आईच्या मते घरातले माणूस. गृहस्थ जाणकार होते. त्यांनी बॉनेट उघडले, स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा हलवून पाहिला, मग मागे जाऊन वाकले आणि म्हणाले, "सर, मागचा बंपर या गाडीचा नाही. गाडी अस्सल असती, तर किंमत वेगळी झाली असती."

बंपर पद्मिनीचा नव्हता हे खरे. तो आजोबांच्या फियाट डिलाइटचा. पण 'अस्सल नाही' हा शब्द मला लागला. मी शाळेत इतिहास शिकवतो. अस्सल-नकलेचा वाद आमच्या पोटापाण्याचाच भाग. तेव्हा वाचकहो, या बंपरची वंशावळ आधी मांडतो. निवाडा तुम्ही करा.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. १९४७ साली तिच्या मोटारी रस्त्यावर आल्या, त्या अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या: डॉज, प्लिमथ, डिसोटो. सुटे भाग बोटीने येत, जोडणी मुंबईत होई. मौज अशी, की नावे तीन असली तरी परदेशी पाठवायच्या कित्येक गाड्यांचे अंग एकच असे. प्लिमथचाच सांगाडा, पुढची जाळी आणि नावाची पट्टी तेवढी निराळी.

पुढे सरकारने धोरण आखले, की नुसती जोडणी चालणार नाही. भाग देशातच बनवावे लागतील. १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली, ती इटलीच्या फियाट कंपनीशी सोयरीक करून. त्या सोयरिकीतून आलेल्या गोलमटोल फियाटला आपल्या लोकांनी लाडाने 'डुक्कर फियाट' म्हटले. १९६४ साली चौकोनी बांध्याची डिलाइट आली. करार संपल्यावर तीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीवरून 'पद्मिनी'. इंजिन तेच १०८९ घनसेंटिमीटरचे, अंगकाठीही तीच. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलत असत. म्हणून काही मुलगी बदलत नसे.

याला कारण होते. परकीय चलनाची टंचाई, परवान्यांचा काच, आणि गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणारे गिऱ्हाईक! नव्या साच्यांवर पैसा कोण घालणार? शहरातले हौशी लोक कुरकुरत. आमच्यासारख्या लहान गावांतल्या मिस्त्रींना मात्र हे वरदानच होते. आजीचा भाग नातीला बसे.

हे सगळीकडे घडत नाही. तिकडे अमेरिकेत १९७० च्या सालासाठी त्याच प्लिमथची बाराकुडा आणि त्याच डॉजची चॅलेंजर निघाली. दांडग्या इंजिनांच्या या गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात. दोघींचा पाया एकच. पण चॅलेंजरच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर दोन इंच जास्त आणि वरचे पत्रेही निराळे. म्हणून एकीचा मागचा बंपर दुसरीला सहज बसत नाही. सातारकर भोसले आणि आमचे नागपूरकर भोसले आडनावाने एक, पण शाखा वेगळ्या; तशातली गत.

आमची कथा १९९६ च्या पावसाळ्यातली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. आमचा जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. जिल्ह्याचेही नाव बदलले, गाव तेच. एका राइस मिलच्या आवारात धानाची ट्रॉली मागे घेताना ट्रॅक्टरवाल्याने पद्मिनीचा मागचा बंपर पार दुमडला. आजोबांची डिलाइट त्याच सुमारास भंगारात निघाली होती. तिचा बंपर वडिलांनी काढून माळ्यावर ठेवला होता. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आले नसते.

मिस्त्रींनी गंजलेल्या नटांवर रॉकेल सोडून ते रात्रभर भिजू दिले. सकाळी डिलाइटचा बंपर धरून पाहिला, तो डावीकडचे भोक जुळले, उजवीकडचे अर्धे बोट सरकलेले. वडील खट्टू झाले. "म्हणजे जुना-नवा फरक आहेच."

मिस्त्रींनी सुतळी घेतली, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मापल्या आणि हसले. "गुरुजी, बंपर बरोबर आहे. वाकडी झाली आहे ती आपल्या गाडीची पट्टी."

पट्टी ठोकून सरळ केली. सगळे नट आधी हाताने सैल बसवले, बंपर दोन्हीकडे सारखा केला आणि मग पान्याने एकेक आवळला. कानस लागलीच नाही. उपरा म्हणून ज्याच्यावर संशय घेतला तो सरळ निघाला; वाकडे होते ते घरचेच. इतिहास शिकवताना मला ही सुतळी अनेकदा आठवते.

हे सारे मी त्या गृहस्थांना सांगितले. मुंबईत २९ ऑक्टोबर २०२३ रोजी पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस उजाडला, तेव्हा लोक तिच्यासोबत फोटो काढून घेत होते, हेही आम्ही बोललो. ते भले गृहस्थ. म्हणाले, "सर, बंपर तुम्ही ठेवा. मी पद्मिनीचा शोधून लावीन. पैसे पुरते देतो."

सौदा वाजवी होता. भावाला मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. तो पाना घेऊन गाडीमागे बसलाही. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आलेली आई म्हणाली, "पोरीच्या अंगावर माहेरचं लुगडं आहे. ते उतरवून घेऊन पाठवणी करता का रे?"

भावाने पाना खाली ठेवला.

गृहस्थ चहा घेऊन गेले. फीचे दोघा भावांनी मिळून पाहिले. यंदा धनत्रयोदशीला भावानेच तो बंपर घासूनपुसून लख्ख केला आणि छपरीतला आकाशकंदील त्याच्या नेमका वर टांगला.