छप्पर गळतं पावसात, फाटतं उन्हात

आजचा प्रश्न जरा उलटा आहे. जिथे वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस पडतो, तिथली मोठी छपरं गळतात कशी?

चला, अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात. 1937 साली वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी तिथे 'टॅलिएसिन वेस्ट' बांधायला घेतलं. सत्तरीला टेकलेले राइट हिवाळ्यात शिष्यांसह इथे मुक्काम करायचे. भिंती दगड-काँक्रीटच्या, छप्पर मात्र लाकडी तुळयांवर ताणलेलं कॅनव्हास. आतला मऊ उजेड त्यांना फार आवडायचा. पण उन्हाने कापड विरायचं, लाकूड सुकून तडकायचं आणि पाऊस आला की पाणी थेट आत! पुढे कॅनव्हासच्या जागी काच आणि प्लास्टिक आलं. 2019 पासून ही वास्तू जागतिक वारसा आहे.

तुम्ही म्हणाल, कापडच ते, गळणारच. मग पोलाद घेऊ. 100 मीटर लांब पोलादी छप्पर. तापमानात 50 अंशांचा फरक पडला की ते साधारण 60 मिलिमीटर, म्हणजे तीन-चार बोटं, लांबतं किंवा आखडतं. म्हणून मध्ये सांधे सोडतात आणि ते लवचिक मसाल्याने भरतात. ऊन तो मसाला कडक करतं, मग त्याला भेगा पडतात. भरीला वाऱ्याने आलेली वाळू पाणी जायच्या पाइपात बसते. सपाट छपरावर पाणी तुंबतं आणि भेग शोधतं.

खरी गोम अशी, की हे महिनोन्महिने कळतच नाही. आम्ही कोड लिहिणारे म्हणतो ना, टेस्ट केलं नाही म्हणजे बग नाही असं नसतं! 2024 च्या एप्रिलमध्ये संयुक्त अरब अमिरातीत तशी टेस्ट झाली. अल ऐन भागात एका ठिकाणी 24 तासांच्या आत 254 मिलिमीटर पाऊस पडला. 1949 पासूनच्या नोंदींतला हा उच्चांक. मॉलच्या छतांतून पाणी कोसळतानाचे व्हिडिओ तेव्हा तुम्हीही पाहिले असतील.

वाळवंटातली जुनी मातीची धाबी पुन्हा पुन्हा लिंपावी लागत. कटकटच ती, पण त्या निमित्ताने कुणीतरी वर चढायचं, भेग दिसायची. नव्या छपरावर चढायला कारणच उरलं नाही.

तेव्हा मंडळी, यंदा मे महिन्यात गच्चीवर एक चक्कर माराच. भेटू पुढच्या भागात!