बल, तेल आणि वैद्यक

पांढुर्णा आणि सौंसर हा मध्यप्रदेशातील मराठी बोलणारा मुलूख. सौंसरजवळच्या जामसांवलीस पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतीच्या दर्शनासाठी दूरदूरहून माणसे येतात. मारुती हे बलाचे दैवत. शनिवारी त्याला तेल वाहण्याची चाल मराठी मुलखात सर्वत्र आहे. बल आणि तेल यांची ही सांगड श्रद्धेची होय. परंतु आधुनिक वैद्यकाच्या इतिहासातही या दोहोंची गाठ पडलेली आहे, आणि तीत या परिसरात पिकणाऱ्या कपाशीच्या सरकीलाही स्थान आहे.

पुरुषाच्या देहातील स्नायू, दाढीमिशी, आवाज आणि प्रजनन यांचे नियमन करणाऱ्या संप्रेरकाला टेस्टोस्टेरॉन म्हणतात. त्याचा शोध लागण्यापूर्वीच, १८८९ साली, बहात्तर वर्षांच्या ब्राउन-सेकार या शास्त्रज्ञाने पॅरिस येथे एक खळबळजनक निवेदन केले. कुत्रे आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा पाण्यात काढलेला अर्क टोचून घेतल्याने आपणांस तारुण्याचा जोम पुन्हा लाभला, असे त्यांचे म्हणणे होते. वास्तविक हे संप्रेरक पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. २००२ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तीच कृती करून पाहिली, तेव्हा अर्कातील अंश परिणामास फारच तोकडा आढळला. वाहकच चुकला होता. लाभला तो विश्वासाचा जोम!

पुढे १९३५ साली ॲम्स्टरडॅम येथे लाकर यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे शंभर किलो बैलवृषणांतून अवघे दहा मिलिग्रॅम शुद्ध टेस्टोस्टेरॉन वेगळे केले. त्याच वर्षी बुटेनांट व रुझिका यांनी ते स्वतंत्रपणे कोलेस्टेरॉलपासून तयार केले. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. पदार्थ हाती आला, पण प्रश्न उरला तो देण्याचा. तोंडाने घेतल्यास यकृत त्याचा बहुतांश निकामी करते, आणि नुसते टोचल्यास ते थोड्याच काळात नाहीसे होते.

यावर युक्ती निघाली ती अशी: संप्रेरकाला एका आम्लाची शेपटी जोडायची आणि ते तेलात विरघळवून स्नायूत सोडायचे. तेथे तेलाचे लहानसे तळे साचते. त्यातून औषध हळूहळू झिरपते, रक्तात शेपटी तुटते आणि मूळ संप्रेरक मोकळे होते. तीन कार्बनांच्या शेपटीचे प्रोपिओनेट दोन-तीन दिवस पुरे. सात कार्बनांचे एनँथेट दोन ते चार आठवडे. अकरा कार्बनांचे अन्डेकॅनोएट तर दहा ते चौदा आठवडे.

आणि ही तेले कोणती? सारी आपल्या ओळखीची! एनँथेटसाठी बहुधा तिळाचे. ज्या तिळावरून ‘तैल’ हा शब्दच आला, त्याचे दाणे हडप्पाच्या अवशेषांतही सापडले आहेत. सिपिओनेटसाठी सरकीचे. चार एस्टरांच्या सस्टेनॉनसाठी दक्षिण अमेरिकेतून आपल्याकडे आलेल्या भुईमुगाचे. अन्डेकॅनोएट चीनमध्ये प्रथम चहाच्या कुळातील एका झाडाच्या बियांच्या तेलातून दिले गेले. परंतु हजार मिलिग्रॅमसाठी आठ मिलिलिटर तेल टोचावे लागे. एरंडेलात तेच चार मिलिलिटरांत मावले.

तथापि, श्रोतेहो, वाहक म्हणजे निरुपद्रवी असे मानू नये. कच्च्या सरकीच्या तेलात गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. ते तेल खाणाऱ्या चीनमधील काही खेड्यांत पुरुषांना वंध्यत्व आल्याचे १९५७ साली तेथे नोंदले गेले. पुरुषसंप्रेरक वाहणारे तेल कच्चे असता पुरुषाच्या बीजावरच उठते, हा केवढा विरोधाभास! शुद्धीकरणात हे द्रव्य निघून जाते. एरंडाच्या बीतील जहाल रायसिनही तेलात उतरत नाही. म्हणून औषधाचे तेल आणि घाण्याचे तेल यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

शुद्ध तेलाचेही धोके आहेतच. शेंगदाणा न सोसणाऱ्यास भुईमुगाच्या तेलातील इंजेक्शन देऊ नये. एरंडेलातील अन्डेकॅनोएटला अमेरिकेत २०१४ साली परवानगी मिळाली ती इशाऱ्यासह: तेलाचे सूक्ष्म थेंब फुप्फुसांत पोहोचून खोकला व धाप लागू शकते, क्वचित तीव्र ॲलर्जीही होते, म्हणून इंजेक्शननंतर रुग्णास अर्धा तास देखरेखीखाली ठेवावे.

तालमीतील तरुणांनी हे विशेष ध्यानी धरावे. ज्यांच्या देहात हे संप्रेरक खरोखरच कमी आहे, त्यांच्यासाठी हे औषध आहे. निरोगी तरुणाने बाहेरून ते घेतल्यास देहातील स्वतःची निर्मिती थांबते आणि शुक्रबीजही आटते. चोरट्या बाजारातील बाटलीत तर औषध कोणते आणि तेल कोणते, याचीच शाश्वती नाही.

आपल्या वैद्यांनी औषधाइतकाच अनुपानाचाही विचार केला. औषध कोणते, एवढेच विचारून न थांबता ते कशातून दिले आहे, हेही डॉक्टरांना विचारावे. ब्राउन-सेकार यांच्या पाण्यापासून आजच्या एरंडेलापर्यंतचा इतिहास हेच शिकवतो.