जुन्या मोटारीची झिजलेली पिन

इतिहासाची साधने म्हटली की आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढे बखरी, सनदा, ताम्रपट आणि पत्रांची दप्तरे उभी राहतात. राजवाड्यांनी इ. स. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापावयास आरंभ केला, तेव्हापासून कागदाविषयीची ही निष्ठा आपल्या अंगी मुरली आहे, आणि ते योग्यच झाले. परंतु गेल्या शतकातील व्यवहाराचा पुष्कळसा भाग कागदावर कधी उतरलाच नाही. तो लोखंडावर उतरला. आम्ही येथे ज्या साधनाचा विचार करणार आहोत ते बोटभर लांबीचेही नाही. जुन्या मोटारीच्या क्लचच्या सांध्यात बसणारी ती एक पोलादी पिन आहे.

प्रथम या पिनेचे कार्य सांगितले पाहिजे. इंजिन सतत फिरत असते. चाके मात्र कधी फिरवावयाची तर कधी थांबवावयाची असतात. या दोहोंचा संबंध हवा तेव्हा जोडणारे आणि तोडणारे साधन म्हणजे क्लच. चालक डाव्या पायाने पेडल दाबतो. पेडलला जोडलेली दांडी एका तरफेस हलविते. तरफेमुळे आडवा दांडा फिरतो. त्यावरील काटा एका बेअरिंगला पुढे सारतो, आणि इंजिनाच्या चक्राशी स्प्रिंगांच्या जोराने दाबून धरलेली तबकडी मोकळी होते. फोर्ड कंपनीने १९२७ च्या अखेरीस बाजारात आणलेल्या ‘मॉडेल ए’ गाडीत हे सारे काम दांड्या, तरफा आणि पिना यांच्याच बळावर चाले. तेलाच्या दाबाचे साहाय्य त्यांस नव्हते.

जेथे पिन आहे तेथे झीज आहे. पिनेवर भार नेहमी एकाच अंगाने येतो. म्हणून ती त्याच अंगाने खचते, आणि जिच्यातून ती जाते ते गोल भोक हळूहळू लांबट होते. एका सांध्यातील सैलपणा डोळ्यांस दिसतही नाही. परंतु चार सांध्यांत मिळून दांडीच्या टोकाशी २ मिलिमीटर सैल पडले आणि पेडलच्या तरफेचे प्रमाण पाचास एक असले, तर पायाखाली १ सेंटिमीटर चाल फुकट जाते. मग क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर बदलताना दात करकरतात. अशा वेळी घाईचा उपाय म्हणजे दांडीची लांबी स्क्रूने कमीजास्त करणे. या उपायातील धोका ध्यानात घेण्यासारखा आहे. पेडलास सुमारे एक इंच मोकळी चाल असावी, असा या जातीच्या गाड्यांचा सामान्य दंडक; पण ती सगळी चाल झिजलेल्या पिनांतच सामावलेली असली, तर आत बेअरिंगला मुळीच विसावा उरत नाही. ते सदैव घासत राहते आणि अखेर जळते. म्हणून जाणता कारागीर आधी सांधे दुरुस्त करतो, मागाहून माप लावतो.

हा जाणता कारागीर नागपुरास कोठून लाभला? येथे आगगाडी १८६७ साली आली. १८७७ च्या १ जानेवारीस जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि पुढे मोतीबागेत अरुंद रुळांच्या रेल्वेचा कारखाना चालू लागला. चात्या आणि इंजिने दुरुस्त करणाऱ्या या शहरात लेथ, बुश, फिटर हे शब्द मोटारीच्या आधीच रूढ झाले असले पाहिजेत. मोटार आली ती तयार हातांत आली, असे आम्हांस वाटते.

परंतु त्या हातांची खरी कसोटी पुढे लागली. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईस शिवडी येथे गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला; फोर्डनेही मुंबईत तसेच काम आरंभिले. तोपर्यंत सुटा भाग हवा असल्यास तो मुंबईहून रेल्वेने मागविता येत असे. दुसऱ्या महायुद्धात आयात आटली, पेट्रोलचे रेशनिंग झाले, आणि कित्येक बसगाड्या कोळशाच्या गॅसवर चालविण्याची पाळी आली. स्वातंत्र्यानंतर, १९५३ साली, टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून असे धोरण ठरले की येथे गाड्या प्रत्यक्ष निर्माण करण्याचा कार्यक्रम ज्यांच्यापाशी नाही त्यांनी केवळ जुळणीचा व्यवसाय करू नये. त्यानंतर या दोन्ही परदेशी कंपन्यांनी आपले कारखाने बंद केले. धोरण देशाच्या हिताचे होते, हे आम्ही नाकारीत नाही. पण जी मोटार आधीच एखाद्या वकिलाच्या किंवा डॉक्टरच्या दारी उभी होती, तिची आता मायदेशाकडून नाळ तुटली. पुढे ती जगली ती लेथच्या आधाराने.

या दुरुस्तीत एक विवेक दिसतो. लांबट झालेले भोक रीमरने गोल करावयाचे, त्यात गनमेटलचा बुश ठोकून बसवावयाचा, नवी पोलादी पिन कातून घालावयाची, टोकास स्प्लिट पिन लावावयाची आणि वंगण द्यावयाचे. यापुढे झिजावयाचे ते बुशाने, तरफेने नव्हे. तरफ पुन्हा मिळणार नव्हती. बुश चार आण्यांचा होता. दुर्मिळ वस्तू वाचविण्यासाठी सुलभ वस्तूने झिजावे, हा नियम त्या कारागिरांनी कोणत्याही ग्रंथात वाचला नव्हता; तो गरजेने त्यांस शिकविला.

आज परिस्थिती पालटली आहे. ‘मॉडेल ए’च्या पिना आणि तरफा अमेरिकेत नव्याने तयार होतात आणि घरबसल्या मागविता येतात. शिवाय २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी निराळी नोंदणी सुरू केली, आणि त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे घालण्याचे ठरविले. मात्र वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि त्याच्या साट्यात, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. नियम चांगला आहे, आणि क्लचच्या पिनेस तो आडवा येत नाही. तथापि ‘मूळ’ या शब्दाचा मोह धनिकांच्या मनात एवढा वाढला आहे की नागपुरी लेथवर कातलेली पिन ते अशुद्ध समजून भंगारात टाकतात आणि परदेशी पिन अभिमानाने बसवितात.

आमचे म्हणणे असे की परदेशातून आज आलेली पिन त्या गाडीस जितकी नवी, तितकी सत्तर वर्षांपूर्वी येथे घडलेली पिन नवी नव्हे. गाडी कारखान्यात एक दिवस होती. आपल्या रस्त्यांवर ती पाऊणशे वर्षे राहिली. तिच्या मूळ स्वरूपात या दीर्घ वास्तव्याचाही वाटा आहे. जुन्या पोथीच्या समासातील वाचकाची टीप आपण खोडून काढतो काय?

म्हणून ज्यांच्या घरी अशी मोटार असेल त्यांस आमची विनंती आहे. सुरक्षिततेत तडजोड करू नये. झिजलेली पिन खुशाल बदलावी. परंतु तरफ शाबूत असल्यास ती टाकू नये, बुश घालून वापरावी. काढलेली पिन पुसून, तेल लावून, कोणत्या सांध्यातील व कोणत्या साली काढली एवढे चिठ्ठीवर लिहून ठेवावी. आणि ती बदलणाऱ्या मिस्त्रीचे नावही त्याच चिठ्ठीवर घालावे. आधीच्या मिस्त्रींची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. हे साधन छापखान्यात जाणार नाही. ते जपण्याचे काम घरच्या कपाटानेच केले पाहिजे.