लायसनचं पुस्तक

मागच्या महिन्यात नांदेडच्या घरी आवराआवर काढली. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत बाबांचे जुने कागद होते. विजेची बिलं, विम्याच्या पावत्या, माझं चौथीचं प्रगतिपुस्तक (हे का जपून ठेवलं होतं, देव जाणे!) आणि सगळ्यांत खाली एक लहानसं पुस्तक. आत पानोपानी चिकटवलेली तिकिटं, त्यांच्यावर पोस्टाचे गोल शिक्के. भाचीने ते उचलून बघितलं.

"मामा, हे कुठल्या बँकेचं पासबुक?"

"बँकेचं नाही गं, रेडिओचं."

"म्हणजे? रेडिओ हप्त्यावर घेतला होता?"

काय सांगणार! एका अर्थी हप्त्यावरच होता, फक्त तो हप्ता कधी फिटत नसे. घरात रेडिओ ठेवायचा तर सरकारचं लायसन लागायचं. दरवर्षी पोस्टात जाऊन रेडिओचे १५ रुपये भरायचे, टीव्ही असेल तर ५०. पुस्तकात तिकीट लावून त्यावर शिक्का मारून मिळे. बाबा शाळामास्तर, त्यामुळे नियम म्हणजे नियम. आमच्या पुस्तकातला शेवटचा शिक्का १९८४ चा आहे.

पुस्तकाचा फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. तासाभरात इंग्लंडमधल्या मावसभावाचा निरोप आला. "आम्ही अजून भरतो रे! यंदा १७४ पौंड ५० पेन्स. इथे त्यावरून रोज भांडणं. पण मला सांग, आपल्याकडे हे बंद झालं तेव्हा कुणी ब्र तरी काढला होता का?"

हा निरोप २०२५ मधला. प्रश्न साधाच होता, पण तो डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

आपल्याकडे हा लायसनचा प्रकार इंग्रजांनी आणला. २३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. खासगी कंपनी, पण कमाई लायसनवर. वर्षाला १० रुपये फी आणि त्यातला ८० टक्के वाटा कंपनीला. ब्रिटनमध्ये जमलं ते इथेही जमेल, असा हिशेब असावा. पण एवढ्या मोठ्या देशात लायसनं निघाली आठ हजारांच्याही आत! चोरून ऐकणारे वेगळेच. १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि रेडिओ सरकारच्या पदरात पडला, तो तिथेच राहिला.

आमच्या मराठवाड्यात मात्र तेव्हा इंग्रजांचं थेट राज्य नव्हतं. नांदेड, लातूर निजामाच्या मुलखात. हैदराबादला एक खासगी केंद्र होतं, ते १९३५ मध्ये निजाम सरकारने ताब्यात घेतलं. मुख्य भाषा उर्दू, मधूनमधून तेलुगू, मराठी, कानडी. हा रेडिओ सरकारी खातं म्हणून चाले. पैसा देणारा एक आणि काय बोलायचं ते ठरवणाराही तोच.

आजोबांची लातूरला गंजगोलाईत आडत होती. त्यांच्या तोंडून १९४८ च्या गोष्टी ऐकल्यात. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातूरलाच वकिली करायचा, त्यामुळे गावात वातावरण कसं असेल ते बघा. आजोबा म्हणायचे, "हैदराबादचा रेडिओ ऐकला की वाटायचं, काही झालंच नाही. आणि बाहेर बघितलं तर लोक बिऱ्हाड बांधायलेत." १३ सप्टेंबरला भारताच्या फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेला संध्याकाळी निजामाने स्वतः त्याच रेडिओवरून लढाई थांबवल्याचं जाहीर केलं. आजोबांनी ते स्वतः ऐकलं नाही. ज्याच्या घरी बॅटरीवरचा रेडिओ होता, त्याच्याकडून दुसऱ्या दिवशी कळलं. "पहिल्यांदा त्या डब्यातून खरी बातमी आली," असं ते हसून सांगायचे. मग गंभीर व्हायचे. त्या दिवसांत घाबरलेली माणसं दोन्हीकडची होती आणि फौजा आल्यानंतर ज्यांच्यावर आफत आली त्यांतले काही आजोबांचे रोजचे गिऱ्हाईक होते. ते रेडिओवर आलं नाही, असंही ते सांगत.

१९५० मध्ये हे रेडिओ केंद्र आकाशवाणीत गेलं. मालक बदलला, रीत मात्र तशीच राहिली. आता लायसनच्या पुस्तकावरून आपल्याला वाटेल की फी भरली म्हणजे रेडिओ आपला. पण तसं नव्हतं. फी पोस्टात जमा व्हायची, तिथून सरकारी तिजोरीत. आकाशवाणीला किती द्यायचं ते दिल्लीत ठरे. आणि काय ऐकायचं तेही! पन्नाशीच्या दशकात माहितीमंत्री बा. वि. केसकरांनी शास्त्रीय संगीताच्या प्रेमापोटी सिनेमाच्या गाण्यांवर कात्री चालवली. झालं काय, लोकांनी सुया फिरवून रेडिओ सिलोन लावला. तिकडे १९५२ पासून बिनाका गीतमाला सुरू होती आणि ती चालत होती टूथपेस्टच्या जाहिरातीवर. म्हणजे लायसन भरायचं दिल्लीला आणि ऐकायचं कोलंबो! शेवटी १९५७ मध्ये विविध भारती निघाली आणि चंदा समितीच्या शिफारशीनंतर १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई-पुणे-नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती वाजू लागल्या.

आमच्याकडे खरा फरक पडला तो परभणी केंद्रामुळे. पहिल्यांदा रेडिओतून आपल्यासारखं बोलणारी माणसं ऐकू आली. माझा लातूरकडचा मामा संध्याकाळचा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम कधी चुकवत नसे. ज्वारीवर कसला रोग पडलाय, फवारणी कधी करायची... हे सांगायला कुठला साबणवाला पैसे देणार? हे मला आजही लायसनच्या बाजूचं सगळ्यात मोठं म्हणणं वाटतं.

पण विरुद्ध बाजूही ऐका. आई सांगते, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जाणाऱ्या बाईला दिवसाकाठी जेमतेम अडीच-तीन रुपये सुटत. तिने १५ रुपये कुठून भरायचे? मास्तर असो, आडत्या असो की कोरडवाहू शेतकरी, फी सगळ्यांना सारखीच. ज्यांच्यासाठी म्हणून हा रेडिओ, त्यांना ती सगळ्यात जड. मग ते काय करायचे? ग्रामपंचायतीच्या भोंग्याखाली बसायचे किंवा लायसनशिवाय ऐकायचे. "साहेब आले" म्हटलं की ट्रान्झिस्टर धान्याच्या कणगीत लपवल्याच्या गोष्टी आमच्या घरात कितीतरी आहेत. बाबांना त्या आवडत नसत.

मग आली आणीबाणी. बाबा १५ रुपये भरून आकाशवाणी लावत आणि रात्री आवाज बारीक करून बीबीसीची हिंदी सेवा ऐकत. तिचे पैसे ते भरत नव्हते. गंमत म्हणजे तिकडचे लायसनवालेही भरत नव्हते. बीबीसीची जागतिक सेवा तेव्हा ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या अनुदानावर चाले. लायसनच्या पैशातून तिचा खर्च भागवायला लागले ते २०१४ पासून. म्हणजे बघा, इथे जनतेच्या फीवर चालणारा रेडिओ सरकारचं तोंड झाला होता आणि तिथे सरकारी अनुदानावरची सेवा खरं सांगते म्हणून लोक कान लावून बसत. पैसा कुठून येतो एवढ्यावरच भागत नाही, पैसा आणि मायक्रोफोन यांच्यामध्ये भिंत आहे का हेही बघावं लागतं.

त्याच आणीबाणीत, १ जानेवारी १९७६ पासून, दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या. तेव्हा नांदेड-लातूरला टीव्हीच नव्हता, त्यामुळे आम्हाला काही फरक पडला नाही. पुढे १९८४ मध्ये देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं धडाक्याने उभी राहिली, त्याच वर्षी 'हम लोग' आली आणि तिच्या बरोबर मॅगीच्या शेवया. प्रायोजक नावाचा नवा प्राणी घराघरात शिरला. मग ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरच सरकारने रेडिओ-टीव्हीची लायसन फी रद्द करून टाकली.

मावसभावाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. कुणी ब्र काढला नाही. उलट पेढे वाटायचेच बाकी होते! कारण त्या फीच्या बदल्यात आम्हाला कधी काही विचारताच आलं नव्हतं. इंग्लंडमधला माणूस 'माझे पैसे आहेत' म्हणून भांडतो. आमच्याकडे पावती होती, पण हक्क नव्हता. अशी पावती गेली म्हणून कोण रडेल?

मग फुकट झालं का? छे! पैसे आपणच भरतोय, फक्त पावती मिळत नाही. साबणाच्या वडीत, शेवयांच्या पुड्यात जाहिरातीचा खर्च धरलेला असतोच. टीव्ही न बघणारी बाईसुद्धा तो भरते. तीही एक सक्तीची फीच म्हणायची. आणि साबणवाल्याने आपल्याला काय दाखवायचं हे ठरवताना तो बघणार खिसा. सुरुवातीला आमच्या छोट्या केंद्रांवरून दिल्लीचाच कार्यक्रम यायचा. 'कृषिदर्शन'मध्ये हरियाणाचा गहू डोलायचा आणि समोर आम्ही ज्वारी-कापूसवाले! मुंबईच्या 'आमची माती आमची माणसं'चं नाव फक्त ऐकून होतो. पुढे खासगी चॅनेल आले तेव्हा मराठी भरपूर मिळालं, पण कोण किती बघतं हे मोजणारे मीटर कित्येक वर्षं शहरांतच होते. खेड्यांतली मोजणी बार्कने सुरू केली २०१५ मध्ये. तोवर निलंग्याच्या खेड्यातली म्हातारी टीव्ही बघत होती, पण जाहिरातवाल्याच्या वहीत ती नव्हतीच.

आम्ही टीव्हीवर कधी दिसलो? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं तेव्हा. सगळ्यांचे कॅमेरे स्टेशनवर. टँकर रिकामे झाले, कॅमेरे गेले. पाणी का आटलं, उसाचं काय, पुढच्या वर्षी काय, हे रोज उठून दाखवायला प्रायोजक मिळणं कठीणच.

आणि एक पहाट सांगायलाच हवी. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला आम्ही नांदेडलाही भांड्यांच्या आवाजाने जागे झालो. किल्लारी हे नाव तेव्हा आम्हाला नीट माहीतही नव्हतं. लातूरला फोन लागेना. बाबा अंगणात खुर्ची टाकून ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन बसले. आई सारखी विचारत होती, "कोणतं गाव म्हणाले?" दिवसभर एकेक गाव, एकेक आकडा वाढत गेला. सुमारे दहा हजार माणसं गेली. आमची लातूरची माणसं सुखरूप असल्याचा निरोप आला तो दुसऱ्या दिवशी. तोवर तो डबाच आधार होता. त्या दिवशी कुणी फी भरली होती म्हणून तो बोलत होता का? नाही, ती बंद होऊन वर्षं झाली होती. जाहिरात होती म्हणून? तेही नाही. तो होता, कारण अशा दिवसासाठी तो असायलाच हवा, हे पूर्वी कुणीतरी ठरवलं होतं आणि त्याचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलला होता. बाबांचे १५-१५ रुपयेही त्यातच कुठेतरी होते.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्या. पी. बी. सावंत त्या पीठावर होते, हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला. १९९० चा प्रसार भारती कायदा १९९७ मध्ये अमलात आला. पगार मुख्यतः सरकारी अनुदानावर आणि वरची कमाई जाहिरातींवर, अशी तिची संसारगाडी. २००४ मध्ये निघालेल्या दूरदर्शनच्या फुकट डिशवर महिन्याची फी नाही, खासगी चॅनेलना जागा लिलावाने विकतात. मामाच्या शेतावरच्या सालगड्याच्या घरी तीच डिश आहे. त्याला लायसन परत लावा असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

म्हणून माझं मत विचाराल तर असं: फी परत नको, निव्वळ जाहिरातीही नकोत. खर्च करातूनच व्हावा, कारण तिथे मास्तर आणि मजूर यांना एकच आकडा नसतो. पण तो पैसा दरवर्षी मंत्र्याकडे हात पसरून मिळू नये, काही वर्षांसाठी कायद्याने बांधून द्यावा. आणि दर माणशी किती पडले, कुठल्या केंद्रावर किती गेले, परभणीला किती, नांदेडला किती, याचा कागद लोकांना मिळावा. प्रसार भारतीच्या मूळ कायद्यात लोकांच्या तक्रारी ऐकायला प्रसारण परिषदेची तरतूद आहे. तिथे जाऊन आलेला माणूस मला अजून भेटायचाय. दिल्लीला सोडा, लातूरच्या माणसाला लातूरमध्ये विचारता यायला हवं.

अंबाजोगाईचा टीव्हीचा टॉवर लहानपणी एसटीतून दिसला की आम्ही ओरडायचो. मार्च २०२२ पर्यंत दूरदर्शनची जुनी अँटेनावरची प्रक्षेपणं देशभर जवळजवळ सगळी बंद झाली. भाचीला तर अँटेना म्हणजे काय हेही सांगावं लागलं.

पुस्तक टाकून द्यायचं ठरलं होतं. पण आईने ते हातातून घेतलं, पदराने पुसलं आणि परत पेटीत ठेवलं. म्हणाली, "राहू दे. त्यांनी एकही वर्ष चुकवलं नाही."

असो. तुमच्याही माळ्यावर असं पुस्तक असेल तर शेवटचा शिक्का कोणत्या सालचा आहे ते जरूर कळवा.