मराठी रहस्यकथेतील कबुलीजबाब

बाबूराव अर्णाळकरांच्या (१९०६–१९९६) रहस्यकादंबऱ्यांची संख्या हजारावर जाते. तथापि वाङ्मयेतिहासात त्या संख्येच्या उल्लेखापलीकडे त्यांच्या वाट्यास सहसा फारसे येत नाही. आजचा लेखक ह्या परंपरेकडे, तिच्या इंग्रजी पूर्वजांसह, कारागिराच्या दृष्टीने पाहू लागला म्हणजे त्याची पहिली अडचण शेवटच्या प्रकरणात उद्भवते. गुप्तहेर सर्वांस दिवाणखान्यात जमवितो, तर्काची साखळी जुळवितो, आणि गुन्हेगार पोलीस अंमलदारापुढे सर्व काही कबूल करतो. इंग्लंडात हे चालून जाई. आपल्याकडे अशी कबुली कोर्टात टिकत नाही.

ह्याचे कारण ऐतिहासिक आहे. अंमलदारांकडून होणाऱ्या छळाची चौकशी करणाऱ्या मद्रासच्या आयोगाचा अहवाल १८५५ सालचा. पुढे १८६१ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याने पोलिसांपुढील कबुली पुराव्यातून वगळली, आणि १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात ती तरतूद कलम २५ म्हणून आली. जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती कलम २३ मध्ये कायम आहे. शेरलॉक होम्स अवतरला १८८७ साली. म्हणजे त्याचे अनुकरण येथे सुरू होण्यापूर्वीच त्या शेवटच्या प्रकरणाचा आधार कायद्याने काढून घेतलेला होता! अर्णाळकरांचे काळा पहाड, झुंजार हे नायक वाचकांस इतके का रुचले, ह्याचे एक कारण मला येथे दिसते: त्यांस कोर्टाची पायरी चढण्याची फिकीर नाही.

परंतु त्याच जुन्या कायद्याच्या कलम २७ ने एक फट ठेविली होती, आणि नव्या लेखकाचे खरे क्षेत्र तेच होय. मांडव्याचे स्थळ घ्या. मुंबईत खून करून एखादा मनुष्य गेटवेहून लाँचने तासाभरात मांडव्यास उतरला. पाणी ओलांडताच मुंबईच्या पोलीस आयुक्तांची हद्द संपली. रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीच्या कुलाब्याच्या) अधीक्षकांची सुरू झाली. पकडल्यावर तो म्हणतो, ‘अमुक खडकाखाली मी सुरा पुरला आहे, त्यानेच मी खून केला.’ सुरा तेथे सापडला, तर पहिले वाक्य पुराव्यात येते, दुसरे येत नाही. पुलुकुरी कोटय्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९४६ साली हीच मर्यादा आखून दिली. नुसत्या सुऱ्याने भागत नाही. ती जागा आरोपीस ठाऊक होती, ह्यास महत्त्व आहे.

आता ह्या किनाऱ्यावर भरती दिवसातून दोनदा येते. वाळू हलते, वाटही सर्वांस मोकळी. तो खडक आणखी किती जणांस ठाऊक होता, हे बचावाचा वकील विचारणारच. आणि उत्तर देण्याचे काम येते ते होडी तशीच टाकून पंचनाम्यावर सही करण्यास आलेल्या एखाद्या कोळ्यावर. दिवाणखान्यातील त्या प्रवेशात ह्या माणसास जागाच नव्हती.